'जुनी कार्डे जमा करावीत'

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

पत्र लिहिणाऱ्या बाई गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापक आहेत. वय ४२. जन्म, शिक्षण इथलंच; मधली बारा वर्षं पुण्यात एका बँकेत काढून दोन वर्षांपूर्वी परतल्या. संस्थेच्या पाच शाखा आणि १९ पिग्मी एजंट, म्हणजे रोज फिरून छोट्या ठेवी गोळा करणारे. संचालक मंडळानं ठरवलं, की पिग्मीची हातानं भरायची कार्डं बंद करायची आणि एजंटांना मोबाइल ॲप द्यायचं. पैसे भरले की ठेवीदाराला लगेच एसएमएस. सुरुवात १ सप्टेंबरपासून, म्हणजे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर. बाईंनी सभा घेतली, पडद्यावर २२ स्लाइड दाखवल्या, परिपत्रक काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सभेत कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र बाजारात कुजबुज सुरू: एजंटांना काढणार, संस्था दुसरीकडे विलीन होणार, पैसे अडकणार. महिन्याभरात दीडशेच्या वर ठेवीदारांनी मुदतीआधीच खाती मोडली. सगळ्यांत जुने एजंट ५८ वर्षांचे, २६ वर्षं हेच काम करणारे. ते सभेनंतर एवढंच म्हणाले, "बाये, कार्डां मात काडूं नाकात." ॲपचं प्रशिक्षण त्यांनी दोनदा चुकवलं. बाकीचे त्यांच्याकडे बघून गप्प. अध्यक्षांचं मत, एकाला घरी बसवा, बाकीचे आपोआप सरळ होतील. बाई विचारतात: "मी सगळं स्पष्ट सांगितलं, लेखी आणि तोंडीही. लोकांना बदलच नको असेल तर अजून कसं समजावू? आणि त्या एका एजंटाचं काय करू?"

नमस्कार,

पत्रासोबत परिपत्रकाची प्रत पाठवलीत ते फार बरं केलंत. नाहीतर 'मी सगळं स्पष्ट सांगितलं' हे मी खरं धरून चाललो असतो. परिपत्रक दीड पानाचं आहे. त्यात 'पारदर्शक' चारदा आलंय, 'कालानुरूप' तीनदा आणि 'डिजिटल' किती वेळा ते मोजायचं मी सोडून दिलं. सहाव्या कलमात एक ओळ आहे: 'सर्व ठेवीदारांनी आपली जुनी पिग्मी कार्डे दि. ३१ ऑगस्टपूर्वी शाखेत जमा करावीत.' वाचणाऱ्याला उद्या सकाळी उठून काहीतरी करायला लावणारी ओळ त्या दीड पानात ही एकच. लोकांनी तेवढीच वाचली. बाकीचं कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात लोकांची चूकही दिसत नाही.

आता ती ओळ मासळी बाजारात पाटावर बसलेल्या बाईच्या कानांनी ऐका. ती रोज ५० रुपये टाकते. एकही दिवस चुकला नाही तर वर्षाचे १८,२५० होतात. या पैशांचा पुरावा म्हणून तिच्याकडे आहे काय? घडीवर फाटत आलेलं, ओल्या बोटांचे डाग पडलेलं एक कार्ड आणि त्यावर रोजच्या रकान्यात एजंटाची बारीक सही. एवढंच. ते 'जमा करा' म्हटलं की ती काय समजणार? हातातला पुरावा आम्हाला आणून द्या. बदल्यात काय मिळणार, तर फोनवर एक संदेश, तोही इंग्रजीत.

त्यात आपल्या राज्याची आठवण ताजी आहे. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं इथल्या एकेका नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला. तिथं निदान पाच लाखांपर्यंत ठेव विमा तरी होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. बाजारातल्या बाईला कलमं माहीत नसतील, पण बंद शटरसमोर माणसं कशी उभी असतात ते तिनं पाहिलं नसलं तरी ऐकलं आहे. अशा वेळी कार्ड मागितलं की ती पैसे काढून घेणार. तिच्या जागी मी असतो तर मीही काढले असते. दीडशे खाती मोडली म्हणून अध्यक्षांना अफवांचा राग आला आहे. मला वाटतं, दीडशेवर थांबलं हे संस्थेचं नशीब. लोकांचा त्या १९ जणांवर अजून विश्वास आहे, म्हणून थांबलं.

सभेत कुणी काही विचारलं नाही, हे तुम्ही थोड्या समाधानानं लिहिलं आहे. मला तिथंच धोका दिसतो. व्यासपीठावर अध्यक्ष, खोलीत अंधार, पडद्यावर २२ स्लाइड आणि समोर कमिशनवर घर चालवणारी माणसं. त्यातला कोण हात वर करून विचारणार, की साहेब, माझं काय होणार? आपल्याकडे माणूस सभेत मान डोलावतो आणि बोलतो ते जिन्यात, स्कूटर काढताना, नाहीतर समोरच्या हॉटेलात भाजीपाव खाताना. तुमची खरी सभा त्या हॉटेलात झाली. तिथं तुम्ही नव्हता, म्हणून उत्तरं ज्याला जशी सुचली तशी त्यानं दिली. 'एजंटांना काढणार' ही अफवा कुणा वाईट माणसानं पेरली असं तुम्हाला वाटतंय. मला ते एका न विचारलेल्या प्रश्नाचं घरगुती उत्तर वाटतं.

आता त्या जुन्या एजंटांकडे येतो. तुम्ही त्यांना बदलविरोधी म्हणता. त्यांचं वाक्य मात्र तुम्ही इतकं नेमकं टिपून पाठवलंत, की तुमच्याही मनात ते कुठंतरी अडकलं असणार. "कार्डां मात काडूं नाकात." त्यातला 'मात' ऐकलात? कार्डं तेवढी काढू नका. ॲप आणू नका असं ते म्हणाले नाहीत. फोन चालवता येत नाही असंही नाही. सगळं करा, एवढी एक गोष्ट ठेवा. वाटाघाटीची इतकी मोकळी सुरुवात मी युनियनच्या पुढाऱ्यांकडूनही क्वचित ऐकली आहे!

कार्डातच जीव का अडकला असेल? माझा एक तर्क आहे, पण त्यासाठी घरातली गोष्ट सांगावी लागेल. माझी एक मावशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. तिची पिग्मी होती. तिचं कार्ड तांदळाच्या डब्यात तळाशी असे, वर दोन पायली तांदूळ. एजंट तिच्या घरी कधी आला नाही. बाजारात यायचा, पैसे घ्यायचा, सही करून कार्ड परत द्यायचा, आणि वाटेत तिचा नवरा भेटला तर पावसापाण्याच्या गप्पा मारून पुढं जायचा. घरावर नवी कौलं चढली त्या दिवशी नवऱ्याला पिग्मीचा पत्ता लागला.

अशा किती मावशा तुमच्या १९ एजंटांच्या फेरीत असतील? आणि त्यांच्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा लावलेला आहे? बहुतेक मुलाचा, नाहीतर नवऱ्याचा. खातं उघडताना रकाना भरायचा म्हणून दिलेला. १ सप्टेंबरला दुपारी त्या फोनवर संदेश पडेल: ५० रुपये जमा, एकूण शिल्लक अमुक हजार. त्या रात्री त्या घरात काय होईल, ते तुमच्या जुन्या एजंटांना दिसतं आहे. पण चाळीस माणसांच्या सभेत उठून हे ते सांगणार कसे? ती गुपितं त्यांची नाहीतच. २६ वर्षं ती पोटात ठेवली म्हणून तर लोक त्यांच्या हातात पैसे देतात.

हा तर्क चुकीचा निघू शकेल. तपासणं मात्र अर्ध्या तासाचं काम आहे. संगणकावरून यादी काढा: एकच मोबाइल नंबर किती खात्यांना लागलाय, आणि बायकांच्या किती खात्यांना पुरुषांचे नंबर आहेत. आकडा बघा आणि मग ठरवा की 'पारदर्शक' हा शब्द सगळ्यांना सारखाच गोड लागतो का.

पिग्मी मुळात आली कुठून तेही आठवून पाहा. १९२८ साली उडुपीला डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं ही योजना काढली. एजंट दारात जाऊन रोज दोन आणे गोळा करायचा. ज्याला बँकेची पायरी चढायला संकोच वाटे, त्याच्या दारापर्यंत एक ओळखीचा माणूस पाठवायचा, ही सगळी युक्ती. कार्ड म्हणजे त्या ओळखीची पावती. तुम्ही तंत्रज्ञान बदलत आहात असं तुम्हाला वाटतंय. ठेवीदाराच्या नजरेतून तुम्ही त्या माणसाच्या हातची सही काढून घेत आहात.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. माझी अक्कल अशाच एका नोटिशीतून आली. आयुष्याची उमेदीची वर्षं मी कारखान्यांच्या कार्मिक विभागात काढली. नवखा असताना एका कारखान्यात पहिल्या पाळीची वेळ सातवरून सहावर आणायची ठरली. नोटीस मी लिहिली. कारणं दिली, बसच्या वेळा बदलून घेतल्या, एक तास लवकर सुटी हा फायदा ठळक अक्षरात टाकला. काचेच्या फलकात नोटीस लावली आणि निर्धास्त झालो. पहिल्या सोमवारी पॅकिंगच्या ३२ बायकांपैकी अकरा आल्या. मंगळवारी नऊ. आमचे साहेब म्हणाले, फूस आहे. मीही तेच म्हणालो, कारण सोपं होतं. गुरुवारी कँटीनमधल्या भांडी घासणाऱ्या बाईनं सहज सांगितलं, "त्यांच्या वाड्यार नळाक उदक साडेपाचांक येता, साडेसांक वता." साडेपाच ते साडेसहा. दिवसभराचं पाणी त्या एका तासात. सातच्या पाळीला त्या हांडे भरून धावत येत होत्या. सहाच्या पाळीला येण्यासाठी त्यांना पाणी सोडावं लागणार होतं. विरोध नव्हता, फूस नव्हती, नळ होता. आणि मला तो माहीत नव्हता, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. पाळी अखेर पावणेसातला सुरू झाली. ती पंधरा मिनिटं त्यांनी आपणहून दिली.

तेव्हापासून 'लोकांना बदल नको असतो' हे वाक्य ऐकलं की मी आधी नळ शोधतो.

या विषयावरचा एक जुना अभ्यास मला अजून पटतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावात पायजमे शिवणारा हारवूड नावाचा कारखाना होता. तिथं लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला हा अभ्यास १९४८ मध्ये छापला गेला. काम करण्याची पद्धत थोडीशीच बदलायची होती. एका गटाला नेहमीसारखं बोलावून सांगितलं: बाजारात स्पर्धा आहे, म्हणून असं करायचंय, हा नवा दर. दुसऱ्या गटांसमोर अडचण मांडली आणि नवी पद्धत त्यांच्याबरोबर बसून ठरवली. पहिल्या गटाचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले. सगळ्यांना सहभागी करून घेतलेल्या गटांतून त्या ४० दिवसांत कुणीच गेलं नाही. उत्पादन सावरलं आणि पुढं आधीच्यापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढलं. माणसं त्याच कारखान्यातली होती. पहिल्या गटालाही कारण सांगितलं होतं बरं का, अगदी स्पष्ट. कारण सांगणं आणि ठरवताना बरोबर घेणं यात एवढं अंतर पडलं.

पण इथं एक खड्डा आहे आणि हुशार व्यवस्थापक त्यात हमखास पडतात. सगळं आधीच ठरवून टाकायचं आणि मग 'तुमच्या सूचना सांगा' म्हणून कागद फिरवायचा. लोकांना ते लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी ते खऱ्या सूचनाही देत नाहीत. म्हणून आधी स्वतःशीच दोन याद्या करा. काय ठरलंय, काय ठरायचंय. ॲप येणार हे ठरलंय. ते चर्चेला असल्याचं सोंग करू नका. कार्डं जाणार की राहणार, जाणार तर कधी, एसएमएस सगळ्यांना की विचारून, छापील पावती देता येईल का, हे अजून ठरायचं आहे असं मंडळाकडून मान्य करून घ्या. ते मान्य होत नसेल तर एजंटांना बोलावूच नका. उगाच चहा-बिस्किटांचा खर्च.

मंडळाकडून आणखी एक गोष्ट लेखी घ्या. एजंटांची संख्या आणि कमिशनचा दर यांचं पुढं काय? 'कुणालाही काढणार नाही' असं तुम्ही सभेत तोंडी म्हणालात असं पत्रात आहे. ते वाक्य कुणाच्या भरवशावर होतं? ठराव झाला असेल तर ठरावाचा क्रमांक सांगा. झाला नसेल तर असली वचनं देऊ नका, ती तुमच्या अंगावर येतील. 'मार्चपर्यंत एकही एजंट कमी होणार नाही, कमिशन आहे तेच राहील, त्यापुढचं अजून ठरलेलं नाही, ठरलं की बाजारात कळायच्या आधी तुम्हाला मी सांगेन' असं अर्धं का होईना, पण खरं सांगितलेलं लोकांना चालतं. गोव्यानं २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद होताना पाहिल्या आहेत. ट्रकवाल्यांना सगळ्यांत जास्त खाल्लं ते 'होतील रे सुरू, चार महिन्यांत' या दिलाशानं. त्या भरवशावर किती हप्ते चढले ते तुमच्या वसुली विभागाला विचारा.

कायद्याचंही बघून घ्या. रोजच्या ठेवी गोळा करणारे बँकांचे एजंट तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' ठरतात आणि कमिशन हे त्यांचं वेतन, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे. कामगारांच्या वेतनासारख्या ठराविक सेवाशर्ती बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस लागते, हा त्या कायद्यातला जुना नियम, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. तुमच्या संस्थेला आणि या बदलाला हे कितपत लागू होतं ते वकिलाला दाखवा. 'एकाला घरी बसवा' म्हणणाऱ्या अध्यक्षांना हा कागद आधी दाखवा, म्हणजे आवाज थोडा खाली येईल.

तर त्या एजंटांचं काय करायचं? त्यांच्याबरोबर एक दिवस फिरा. अक्षरशः. सकाळी ते निघतात तेव्हा निघा आणि बाजार, रिक्षा स्टँड, गाडे, गॅरेज करत शेवटच्या घरापर्यंत जा. ॲप नेऊ नका, वही नेऊ नका, आणि समजावणं तर अजिबात नको. फक्त बघा: कोण पैसे हातात देतं, कोण टोपलीखालून काढून देतं, कोण कार्ड स्वतःकडे ठेवतं, कोण त्यांच्याच पिशवीत ठेवायला सांगतं (हे शेवटचं दिसलं तर ती संस्थेसाठी धोक्याची घंटा आहे, ॲपची खरी गरज तिथं आहे, आणि ते त्यांनाही पटेल). दुपारी जेवायला बसाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: "तुमच्या हातात असतं तर हे कसं केलं असतं?" मग गप्प राहा. पुण्याहून आलेली मॅडम म्हणून तुमच्याबद्दल अढी असेलच. ती सभेत सुटत नाही, उन्हात सुटते. सभेनंतर ते तुम्हाला 'मॅडम' म्हणाले नाहीत, 'बाये' म्हणाले, एवढं लक्षात ठेवा.

प्रशिक्षण चुकवण्याचं कारणही तेव्हाच कळेल. कदाचित अगदी साधं असेल. ५८ व्या वर्षी पंचविशीतल्या क्लार्कसमोर बोट चुकलं की हसू होतं. तुम्ही लिहिलंय की तरुण कर्मचारी उत्साही आहेत. असू देत, पण शिकवायला त्यांना बसवू नका. दोन जुन्या एजंटांना आधी वेगळं शिकवा आणि बाकीच्यांना त्यांच्याकडून शिकू द्या.

आता तारीख. १ सप्टेंबर कुणी निवडली? सॉफ्टवेअरवाल्यानं, असा माझा अंदाज. फोंड्यात राहणारा माणूस चवथीच्या तोंडावर पिग्मीला हात लावणार नाही. वर्षभर साठवलेली पिग्मी त्याच सुमारास मोडली जाते: माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळा-पानांचं) सामान, मुलांचे कपडे, मूर्तीचे पैसे, माहेरवाशिणीचं ओझं (तिच्या सासरी पाठवायची भेट). वर्षातून एकदा ज्या आठवड्यात बाईला आपले पैसे हातात हवे असतात, त्याच आठवड्यात तुम्ही तिचं कार्ड मागितलंत. तारीख तुळशीच्या लग्नानंतर न्या. मंडळ 'माघार दिसेल' म्हणेल. दिसू दे. 'चवथीच्या गर्दीत तुमची अडचण नको, म्हणून पुढं ढकललं' असं लिहिलं की लोकांना ती माणुसकी वाटेल, आणि ती असेलही.

त्यानंतरचे काही महिने कार्ड आणि ॲप दोन्ही चालू द्या. दुप्पट काम होईल, एजंट कुरकुरतील, त्या महिन्यांसाठी थोडा जास्त भत्ता द्या. जुनं आणि नवं शेजारी शेजारी दिसलं की माणसाचा हिशेब आपोआप पटतो. १९५७ साली देशात दशमान नाणी आली तेव्हा आणे लगेच रद्द झाले नाहीत. काही काळ दोन्ही चालली. नव्या नाण्यावर 'नया पैसा' असं नाव होतं आणि 'रुपये का सौवाँ भाग' असा खुलासाही, म्हणजे समजावणारं परिपत्रक प्रत्येकाच्या खिशातच. एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस हा कोष्टकाचा घोळ लोकांनी पचवला, आणि 'नया' हा शब्द १९६४ मध्ये काढला तेव्हा तो कुणाला लागतही नव्हता. गोव्यातल्या दुकानदारांनी तर तेवढ्याच वर्षांत पोर्तुगीजांचा रुपिया जाऊन एका रुपियाला सहा या भावानं एस्कुदो आलेला पाहिला, आणि मुक्तीनंतर एस्कुदो जाऊन भारतीय रुपया. नवं नाणं घ्यायला आपली माणसं घाबरत नाहीत. जुन्याचे किती मिळणार ते मात्र त्यांना आधी कळायला लागतं.

सांगण्याचा क्रमही बदला. तुम्ही मंडळ, मग शाखाधिकारी, मग एजंट असे वरून खाली आलात. ठेवीदार ज्याला पहिल्यांदा विचारणार त्याला पहिल्यांदा सांगा. तो कोण? एजंट, काउंटरवरची मुलगी आणि दारातला शिपाई. शिपायाला कधीच कुणी सांगत नाही आणि बाजार विचारतो त्यालाच: "कितें रे, बँक बंद जाता?" त्यानं खांदे उडवले की संपलं. पाचही शाखांच्या शिपायांना बसवून तीन वाक्यं पाठ करून घ्या, वाटल्यास मी लिहून देतो. ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरा. ज्या बातमीवर माणसाला चार प्रश्न पडणार आहेत ती बातमी जिथं उलट विचारता येतं तिथंच सांगावी, पाच-सहा जणांत, दिवसाउजेडी, स्लाइडशिवाय. ग्रुपवर नंतर तारखा टाका.

परिपत्रक नव्यानं लिहायला घ्याल तेव्हा ते ठेवीदारासाठी लिहा. मंडळाला वाचून दाखवायला वेगळं करा. मी असा मसुदा करीन: 'तुमचं पिग्मी कार्ड तुमच्याकडेच राहील. ते कुणालाही देऊ नका. तुमचे नेहमीचे एजंटच येतील. दिवाळीनंतर ते पैसे घेतल्यावर कार्डावर सही करतील आणि मोबाइलवरही नोंद करतील. फोनवर संदेश हवा की नको, आणि कोणत्या नंबरवर, ते तुम्ही सांगाल तसं. चवथीला पैसे काढायचे असतील तर नेहमीसारखेच मिळतील.' सहा ओळी. 'डिजिटल' एकदाही नाही. कार्डं शेवटी काढायचीच असतील तर ती पुढच्या वर्षीची गोष्ट, आणि तेव्हा हातात छापील पावती देणारं छोटं यंत्र एजंटाच्या कमरेला असेल तरच.

ज्या दीडशे जणांनी खाती मोडली त्यांच्यामागं आत्ता लागू नका. चवथ होऊ दे. नंतर त्यांचे एजंट जातीलच त्या वाटेनं.

याच धर्तीची आणखी दोन पत्रं टेबलावर आहेत, एक शाळेच्या मुख्याध्यापिकेचं आणि एक दूध सोसायटीच्या सचिवांचं. त्यांना वेगळं उत्तर लिहीत नाही. तुमच्या नोटिशीतही एखादी 'कार्डे जमा करावीत' दडलेली असणार. ती शोधायला नोटीस ज्याच्यासाठी आहे त्याला मोठ्यानं वाचून दाखवा आणि तो कुठं थांबवतो ते बघा.

आणि बाई, एक राहिलं. परिपत्रकाच्या तळाशी तुमच्या सहीवर 'हुकुमावरून' असं छापलं आहे. ते काढा. त्याजागी तुमचं नाव घाला आणि तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर. चवथीपर्यंत फोन खूप वाजेल, चार्जर जवळ ठेवा.